संगणक म्हातारा कधी होतो?

डॉ. जे. पी. नाईकांच्या मौनी विद्यापीठामुळे शिक्षकांना गारगोटी हे नाव परिचयाचे आहे. तिथल्या आमच्या एका शिक्षकमित्रांच्या माळ्यावर पेंटियम-थ्री जातीचा संगणक पडून होता. "भंगारात घालण्याआधी एकदा बघता का?" असे त्यांनी विचारले, म्हणून आम्ही तो उघडला. आतली धूळ ब्रशने झाडली, मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दाते खोडरबराने पुसले, घड्याळाचा नाण्याएवढा सेल बदलला आणि पडदा उजळला. (काचेचा जुना मॉनिटर आणि पॉवर सप्लायची पेटी मात्र कुणी उघडू नये. वायर काढल्यावरही त्यांत धोकादायक विद्युतभार राहतो.) मेमरी १२८ मेगाबाइट, वर विंडोज एक्सपी. यंत्र ठणठणीत होते, पण एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच थांबवली होती. मग आम्ही लिनक्सकडे वळलो.

लिनक्सचा जन्मच एका घरगुती संगणकावर झाला. जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. इंटेलने १९८५ साली आणलेल्या या प्रोसेसरमध्ये सुमारे पावणेतीन लाख ट्रान्झिस्टर होते. एकाच खोलीत दोन इयत्ता बसवाव्यात आणि एकीने दुसरीचा फळा पुसू नये, अशी सोय त्यात होती: प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचा स्वतंत्र, सुरक्षित भाग मिळे. ऑगस्टमध्ये लिनसने आपली प्रणाली जाहीर केली. ती केवळ हौस आहे आणि ३८६ सोडून इतरत्र चालणार नाही, असेच त्याला वाटत होते. पण १९९२ साली त्याने ती मुक्त परवान्याखाली दिली. कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी. मग लोकांनी ती कुठे कुठे नेली!

गंमत अशी, की डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सने ३८६ लाच निरोप दिला. मेमरीतले मूल्य तपासून एकाच झटक्यात बदलण्याची आज्ञा ४८६ पासून आली. ३८६ ला ती येत नाही. त्यामुळे अनेक प्रोसेसरच्या यंत्रांसाठी काही सुधारणा करायची, तर ३८६ साठी वेगळी तजवीज करावी लागे. ती कोण करणार? आपल्याला याचे मुळीच वाईट वाटत नाही, असे लिनसने सांगून टाकले. आम्हांला मात्र थोडे वाटले.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैराटच्या छोट्या शाळेतील मुलांना 'एक्सओ' नावाचे हिरवे-पांढरे संगणक मिळाले. त्यांवर लिनक्सच होते. त्या एक्सओतला जिओड एलएक्स प्रोसेसर डेबियन या प्रसिद्ध लिनक्स-संचाने २०२३ मध्ये यादीतून वगळला. प्रोसेसर बिघडला नव्हता. यादी बदलली होती.

याच्या उलटही घडते. २०२४ साली दिमित्री ग्रिनबर्ग यांनी १९७१ च्या इंटेल ४००४ वर लिनक्स चालवले. त्यात ट्रान्झिस्टर अवघे २,३०० आणि एका वेळी हाताळायचे फक्त चार बिट! त्यांनी ४००४ ला दुसऱ्या एका प्रोसेसरची नक्कल करायला लावली. पुरेशी मेमरी आणि वेळ दिला, तर एक संगणक दुसऱ्याचे काम करू शकतो, हे ट्युरिंगने १९३६ मध्येच दाखवले होते. वेळ मात्र खराच लागला: लिनक्स सुरू व्हायलाच पावणेपाच दिवस.

आमच्याकडे एवढा धीर नव्हता. आम्ही 'टायनी कोअर' निवडले. त्याला किमान ४६ मेगाबाइट मेमरी पुरते. पेनड्राइव्हवरून सुरू होणे त्या संगणकाला ठाऊकच नव्हते, म्हणून सीडी शोधावी लागली. पहिली सीडी त्याने वाचली नाही, दुसरी वाचली. मिनिटभरात पडद्यावर चित्रे आली.

"इंटरनेट चालेल?" मित्रांनी विचारले. खरे सांगावे लागले: आजचे नेहमीचे ब्राउझर एसएसई-२ नावाच्या आज्ञा मागतात आणि त्या पेंटियम-फोरपासूनच आल्या. पायथनमधले छोटे प्रोग्रॅम मात्र चालले. मित्रांनी संगणक माळ्यावरून प्रयोगशाळेत हलवला. झाकण मुद्दामच बसवलेले नाही. मुले आधी आतच डोकावतात.