मुठीवरील गोफ

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा पात्याचे भक्त असतात. पोलाद कोणत्या मातीतून निघाले, त्यास पाणी कसे दिले, धारेवर कोणती लहर उमटली, यांचे वर्णन ते पानेच्या पाने करतात. मूठ मात्र दोन ओळींत आटोपते. जपानी तलवारीच्या बाबतीत हा पक्षपात विशेषच दिसून येतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस व चौदाव्याच्या आरंभी सागामी प्रांतात होऊन गेलेल्या मासामुने या लोहाराचे नाव दूरदेशीच्या वाचकांसही ठाऊक असते. परंतु त्याने घडविलेली पाती ज्यांनी हातात धरण्याजोगी केली, त्या मूठ बांधणाऱ्यांपैकी एकाचेही नाव सहसा कोणास सांगता येत नाही. आम्ही आज या उपेक्षित कारागिराच्या कामाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते काम केवळ शोभेचे नसून, जुनी वस्तू टिकते म्हणजे नेमके काय टिकते या प्रश्नावर त्यातून बराच प्रकाश पडतो.

दसऱ्यास आपण ज्या तलवारी पुजतो त्यांची मूठ बहुधा लोखंडी असते. पात्याचे शेपूट तीत घालून राळ-लाखेच्या मसाल्याने पक्के केले, की मूठ व पाते यांचा संबंध सहसा तुटत नाही. जपानी मूठ याच्या अगदी उलट तत्त्वावर रचलेली आहे. ती लाकडाची असते, आणि तिचा व पात्याचा सांधा बांबूच्या एका लहानशा खुंटीवर अवलंबून असतो. ही खुंटी मुठीतून व शेपटाच्या छिद्रातून आरपार जाते. ती ठोकून काढली, की मूठ, परज व पाते ही सर्व अलग होतात. अर्थात मूठ ही काढावयाचीच वस्तू आहे, ती केव्हातरी जीर्ण होणार व नवी करावी लागणार, हे गृहीत धरूनच तिची योजना केलेली आहे.

मुठीस त्या भाषेत ‘त्सुका’ म्हणतात. तिचे लाकूड होनोकी नावाच्या झाडाचे. हे झाड आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातले असून त्याचे लाकूड मऊ असते, व त्यामुळे पोलादास इजा पोहोचत नाही. त्याचे दोन उभे अर्ध घेऊन शेपटाच्या आकाराबरहुकूम आतून कोरतात व भात घोटून केलेल्या खळीने एकमेकांस चिकटवतात. आतील पोकळी किंचित सैल झाली तरी मूठ डगडगते. फार घट्ट झाली तर लाकूड तडकते. या लाकडावर माशाचे कातडे बसवितात. जपानी भाषेत त्यास ‘सामे’ म्हणजे मुशीचे कातडे असे नाव असले, तरी ते वस्तुतः कोकणच्या किनाऱ्यावर ज्यास पाकट म्हणतात त्या जातीच्या माशाचे होय. त्यावर पांढरे, कठीण, दाण्यादाण्यांचे कवच असते. हे दाणे दोन कामे करतात: संबंध कातडे गुंडाळले असता ते आतल्या मऊ लाकडास बळकटी देते, आणि वरचा गोफ त्या खरखरीत पृष्ठावरून सरकत नाही.

यानंतर वेष्टनाचे मुख्य काम सुरू होते. त्यासाठी रेशमाचा चपटा गोफ घेतात. तो विणणारे कारागीर निराळे असतात. सुमारे दहा इंचांच्या मुठीस बारा-तेरा फूट गोफ लागतो. गोफाचा मध्य परजेजवळ धरून त्याची दोन टोके दोहों बाजूंनी मुठीच्या शेवटाकडे नेतात. वाटेत प्रत्येक फेऱ्यास ती एकमेकांस ओलांडतात, आणि दोन ओलांडण्यांच्या मधे शंकरपाळ्याच्या आकाराची खिडकी राहून तीतून पांढरे कातडे दिसते. एका ठिकाणी वर असलेला पदर पुढच्या ठिकाणी खाली जातो, मागील अंगासही हाच क्रम पाळतात. हा क्रम एकदा जरी चुकला तरी ताण दोन्ही अंगांस सारखा राहत नाही. बहुतेक मुठींवर ओलांडणीच्या जागी गोफास पीळ देतात. या पद्धतीस ‘हिनेरी’ असे नाव आहे. पीळ न देता गोफ सपाट ठेवण्याचीही रीत आहे.

तथापि या कामाचे खरे मर्म बाहेरून दिसतच नाही. प्रत्येक ओलांडणीच्या खाली हातकागदाच्या इवल्याशा त्रिकोणी घड्या दडविलेल्या असतात. त्यांस ‘हिशिगामी’ म्हणतात. हिशि म्हणजे शिंगाडा. त्याच्या आकारावरूनच जपान्यांनी चौकटीच्या आकारास हे नाव दिले, आणि गामी म्हणजे कागद. या घड्यांमुळे गोफास आतून आधार मिळतो, खिडक्या एकसारख्या राहतात, आणि हाताच्या दाबाने वेष्टन बसून जात नाही. खिडक्या कितीही सुबक दिसोत, आतील कागद आळसाने भरला असेल तर काही दिवसांतच पदर ढिले पडतात. अखेर दोन्ही टोके मुठीच्या टोपणातून ओवून त्यांच्या गाठी मारतात. गोफाखाली दोन्ही अंगांस ‘मेनुकी’ नावाची धातूची लहान चित्रे अर्धवट झाकलेली असतात. ती मूळ खुंटीच्या शोभेसाठी निर्माण झाली, पुढे खुंटीपासून वेगळी होऊन केवळ अलंकार बनली. पण तळहातास त्यांचा आधार होतोच.

हे सारे एका दिवसात सुचलेले नाही. नारा येथील शोसोइन या भांडारात सम्राट शोमू याच्या संग्रहातील वस्तू इसवी सन ७५६ पासून जपून ठेवल्या आहेत. त्यांतील एका तलवारीच्या मुठीवर पाकटाचे पांढरे कातडे आहे, पण गोफ नाही. दरबारी मिरवणुकीच्या शस्त्रास कातडे पुरेसे होते. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत सरदार-सरदारांमधील लढायांनी देश पेटला. धार वर करून कमरेस खोवण्याची तलवार सर्रास प्रचारात आली, आणि घामाने व पावसाने भिजलेल्या हातातून निसटू नये अशी मूठ हवी झाली. त्या काळी मूठ कधी रेशमाने, कधी चामड्याने बांधीत. कधी वेष्टनावर लाखेचे रोगण चढवीत, म्हणजे ते पाण्याने कुजत नसे. आज जी संग्रहालयातील कलाकुसर वाटते तिचे पूर्वरूप शिपायाच्या गरजेत होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला आणि तोकुगावा घराण्याच्या अमलाखाली अडीचशे वर्षांची शांतता सुरू झाली. तलवार आता म्यानातून क्वचितच बाहेर पडे. पण मूठ सदैव बाहेरच असते; म्हणून ज्या काळात पात्याचे काम जवळजवळ संपले त्याच काळात मुठीचे महत्त्व वाढले. शोगुनच्या किल्ल्यात कामावर जाणाऱ्या सामुराईने काळ्या रोगणाचे म्यान, पांढरे कातडे व काळा गोफ अशीच तलवार बाळगावी, असा शिष्टाचार ठरला. मनुष्याची पायरी त्याच्या मुठीवरून ओळखू येऊ लागली.

येथे एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या काळात जपानने परकीयांस दारे बंद केली, १६३९ साली पोर्तुगीजांस हाकलले व १६४१ पासून डच व्यापाऱ्यांस नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर कोंडून ठेवले, त्याच काळात मुठीसाठी लागणारे कातडे मोठ्या प्रमाणावर परदेशांतून येत होते. सयाम देशातून हरणांची व पाकटांची कातडी डचांच्या जहाजांवर लादून नागासाकीस उतरत. १७८१ साली ओसाका येथील इनाबा त्सूर्यू या तलवारीच्या व्यापाऱ्याने शस्त्रसाजावर ‘सोकेन किशो’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या कातड्यांचा सविस्तर विचार आहे. सामुराईच्या कमरेची जी वस्तू शुद्ध स्वदेशी बाण्याचे चिन्ह मानली जाई, तिच्या मुठीवर दक्षिणेकडच्या समुद्रांतील मासा होता. कोणत्याही राष्ट्राच्या ‘शुद्ध’ परंपरेची मूठ उकलून पाहिली असता आत असे काहीतरी सापडते, असा आमचा समज आहे.

आता नावाचा प्रश्न. जपानी लोहार आपले नाव पात्याच्या शेपटावर कोरतो, म्हणजे मुठीच्या आत झाकल्या जाणाऱ्या भागावर. शेपटावरील काळा गंज कोणी घासून काढीत नाही, कारण त्यावरून पात्याचे वय पारखता येते. अशा रीतीने लोहाराचे नाव शतकानुशतके मुठीच्या अंधारात सुरक्षित राहते. त्याच नावावर जो आवरण घालतो त्यास मात्र आपले नाव लिहिण्यास जागाच नसते. रेशमावर सही होत नाही. शिवाय रेशीम झिजते, मळते, तुटते. वापरातल्या तलवारीची मूठ धन्याच्या हयातीतही पुन्हा बांधावी लागे. म्हणून सहाशे वर्षांच्या पात्यावर सहाशे वर्षांपूर्वीचे वेष्टन आढळणे ही अत्यंत विरळा गोष्ट होय. मूठ बांधणाऱ्याचे उत्तम कामसुद्धा दुसऱ्या मूठ बांधणाऱ्याने कापून टाकावयाचे असते. तसे झाले नाही, तर पाते लढाईस निरुपयोगी ठरले असते. जे टिकले त्याची कीर्ती झाली. ज्यांनी टिकविले ते विस्मरणात गेले.

मेइजी क्रांतीनंतर २८ मार्च १८७६ रोजी सरकारी फर्मान निघाले, आणि सैनिक, पोलीस व दरबारी पोषाखातील अधिकारी वगळून इतरांस तलवार बाळगण्याची मनाई झाली. एका कलमाने अनेक धंदे बसले. धातूचे नक्षीकार फुलदाण्या व शोभेच्या वस्तूंकडे वळले. त्यांतील कानो नात्सुओ या थोर कारागिराने तर नव्या सरकारच्या नाण्यांचे साचे कोरले. गोफ विणणाऱ्यांस स्त्रियांच्या किमोनोवर बांधण्याच्या दोऱ्यांनी तारले. मूठ बांधणाऱ्यास असा दुसरा बाजार कोठून मिळावा? त्याची विद्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूस लागू पडत नव्हती.

पुढे लष्करशाहीच्या भरात, १९३४ साली, जपानी सैन्याने पाश्चात्य धर्तीची तलवार टाकून जुन्या घाटाची तलवार अधिकाऱ्यांस दिली. तिच्या मुठीवर पुन्हा गोफ आला. परंतु १९३५ साली खालच्या दर्जाच्या अंमलदारांसाठी जी तलवार निघाली तिची मूठ धातूची ओतीव होती. साच्यातच शंकरपाळ्यांचा आकार पाडून त्यावर गोफाचा व कातड्याचा रंग दिलेला! दुरून पाहणाऱ्यास ती जुनीच मूठ वाटे. तीत ना लाकूड, ना कातडे, ना रेशीम, ना कागदाच्या घड्या. पूर्वजांचा जयघोष करणाऱ्या राजवटीने पूर्वजांचे काम साच्यात ओतून रंगविले, यापेक्षा बोलका पुरावा आम्हांस दुसरा आढळत नाही. हजारो शिपायांस घाईने शस्त्रे द्यावयाची असली की असे होणारच, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण मग त्यास परंपरा म्हणू नये, गणवेश म्हणावे.

१९४५ च्या पराभवानंतर तलवारी जप्त झाल्या, कित्येक नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या जतनासाठी १९४८ साली जपानी कलात्मक तलवारींच्या संरक्षणाची संस्था स्थापन झाली. तिने भरविलेल्या स्पर्धांत लोहारांबरोबर मूठ बांधणाऱ्यांचेही काम मांडले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. आजही त्या देशात थोडेसे कारागीर कागदाच्या घड्या हाताने घालून, पदरामागून पदर ओढून मुठी बांधतात. त्या तलवारींनी आता कोणी लढत नाही, आणि लढू नये हेच बरे. शस्त्राचे प्रयोजन संपले तरी हाताची विद्या शिल्लक राहिली, हा इतिहासाने मानवजातीवर केलेला थोडका उपकार समजावा.

जुन्या वस्तूंचा विचार करताना आपण ‘मूळचे काय आहे?’ एवढेच विचारतो. या मुठीकडे पाहिले म्हणजे तो प्रश्न अपुरा वाटू लागतो. पात्यात मूळचे पोलाद आहे, मुठीत मूळचे काहीच नाही. तिच्यात आहे ती एक रीत, जी एका हाताने दुसऱ्या हातास दिली. पोलाद तेल लावून पेटीत ठेवले तर राहते. रीत पेटीत ठेवता येत नाही. ती वरचेवर नवी करावी लागते, आणि ज्या पिढीत कोणी ती नवी करीत नाही त्या पिढीत ती संपते. संग्रहालयात जपानी तलवार पाहण्याचा योग आला, तर वाचकांनी पात्याची चमक अवश्य पाहावी. पण क्षणभर मुठीवरील शंकरपाळ्यांकडेही नजर लावावी, आणि त्या प्रत्येकीच्या कडेस न दिसणारी कागदाची एक घडी आहे, ती कोणीतरी मन लावून घातलेली आहे, हे आठवावे.