शालेय दंतपरिचारिका
शाळकरी मुलांच्या दातांवर प्राथमिक व प्रतिबंधक उपचार करण्याचे शिक्षण घेतलेली, परंतु दंतवैद्यकाची पूर्ण पदवी नसलेली आरोग्यसेविका. पहिल्या महायुद्धात भरतीसाठी आलेल्या तरुणांच्या दातांची दुरवस्था उघड झाल्यावर न्यूझीलंडमध्ये दंतवैद्य टॉमस हंटर यांच्या पुढाकाराने १९२१ साली वेलिंग्टन येथे केवळ स्त्रियांसाठी अशा शिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. कीड कोरून पोकळी भरणे, दुधाचे दात काढणे आणि मुलांना दातांची निगा शिकवणे ही कामे विद्यार्थिनी शिकत, व पुढे शाळेतील दवाखान्यात, अनेकदा पायाने चालवायच्या कोरयंत्रावर, एकट्याने करीत. एवढी जबाबदारी त्यांच्यावर टाकणे हे त्या काळी खरोखरच धाडसाचे होते. आता न्यूझीलंडमध्ये हे शिक्षण तीन वर्षांच्या विद्यापीठीय पदवीद्वारे मिळते.