घरातील वीजतारांसाठी सुरक्षित टेपची निवड

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असतो आणि हा दाब जिवावर बेतण्यास पुरेसा आहे. त्यामुळे तारेच्या उघड्या भागावर हाताशी असेल ती चिकटपट्टी गुंडाळणे धोक्याचे ठरते. पारदर्शक सेलोटेप उष्णतेने सुटते, तर जखमेवर लावायची कापडी किंवा कागदी पट्टी ओलावा शोषून घेते.

घरगुती कामासाठी पीव्हीसीची विद्युतरोधक टेप वापरावी. ती ताणली जाते आणि तारेवर घट्ट बसते. खरेदी करताना वेष्टनावर व्होल्टेज क्षमता, कमाल तापमान आणि ‘आयएस ७८०९’ या भारतीय मानकाचा उल्लेख तपासावा. हिरवा रंग अर्थिंगच्या तारेचा असल्याने वीजप्रवाह असलेल्या तारेवर हिरवी टेप लावू नये.

टेप लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून तार स्वच्छ व कोरडी करावी. टेप किंचित ताणून, प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकला जाईल अशी गुंडाळावी. दोन्ही टोकांना ती तारेच्या मूळ आवरणावर यावी. शेवटचा वेढा न ताणता चिकटवावा.

टेपमुळे उघडी तार झाकली जाते, सैल जोड मात्र घट्ट होत नाही. असा जोड आतून तापत राहतो, आवरण वितळते आणि आग लागू शकते. म्हणून जोड योग्य कनेक्टरने जंक्शन बॉक्समध्येच करावा. काळवंडलेली, ठिसूळ झालेली किंवा उंदरांनी कुरतडलेली तार परवानाधारक वायरमनकडून बदलून घ्यावी.