स्वस्त शर्यतीची किंमत : बंदिस्त गो-कार्टिंगचा इतिहास

गो-कार्टच्या जन्मामागे वेगाच्या हौसेइतकाच काटकसरीचा विचार होता. १९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात काम करणाऱ्या आर्ट इंगल्स या कारागिराने लू बोरेली या मित्राच्या साहाय्याने पोलादी नळ्यांचा एक बुटका सांगाडा जोडला आणि त्यावर गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनवलेले, पण शिलकीत पडून राहिलेले वेस्ट बेंड कंपनीचे सुमारे अडीच अश्वशक्तीचे इंजिन बसवले. मोटारीला अत्यावश्यक समजले जाणारे बहुतेक भाग या वाहनात नव्हते. धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा नव्हत्या, गिअरपेटी नव्हती, दारे-छप्पर नव्हते. वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ‘डिफरन्शियल’ ही यंत्रणाही नव्हती.

या शेवटच्या उणिवेचा परिणाम दूरगामी ठरला. मागची दोन्ही चाके एकाच सलग दांड्यावर, म्हणजे ॲक्सलवर, घट्ट बसवलेली असल्याने ती नेहमी एकाच गतीने फिरतात. वळताना मात्र बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, आणि आतले चाक क्षणभर जमिनीवरून हलके झाले नाही तर गाडी सरळच रेटत राहते. ते चाक हलके करण्याचे काम पुढच्या चाकांची ठेवण, सांगाड्याला पडणारा पीळ आणि चालकाच्या शरीराचा भार हे तिन्ही मिळून करतात. कार्ट चालवण्यातील खरे कौशल्य ज्याला म्हणतात, ते बव्हंशी हा एक महागडा भाग वगळल्यामुळे निर्माण झालेले आहे. म्हणूनच या खेळाच्या इतिहासात खर्चाचा विचार खेळाच्या विचारापासून वेगळा काढता येत नाही.

इंगल्सची गाडी पाहून पॅसाडेना येथील रोझ बोल क्रीडांगणाच्या वाहनतळावर हौशी मंडळी जमू लागली. त्यांपैकी डफी लिव्हिंगस्टन आणि रॉय डेसब्रो हे मोटारींच्या सायलेन्सरचे दुकान चालवत होते; बिल रोल्स याला सोबत घेऊन त्यांनी ‘गो कार्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली आणि सुट्या भागांचा संच सव्वाशे ते एकशे तीस डॉलरांच्या घरात विकायला काढला. ‘गो कार्ट’ हे नाव एका नियतकालिकात काम करणाऱ्या लिन वाइनलँड या गृहस्थाने सुचवले होते. घरच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करू शकणाऱ्या कोणालाही शर्यतीच्या मैदानात उतरता यावे, असा तो काळ होता. तो फार टिकला नाही. १९५९ मध्ये मॅककुलक या लाकूड कापण्याच्या यंत्रकरवती बनवणाऱ्या कंपनीने खास कार्टसाठी घडवलेले एमसी-१० हे इंजिन बाजारात आणले, आणि शिलकी इंजिनावर भागवणारा माणूस त्या दिवसापासून मागे पडू लागला.

परदेशांतील तळांवर नेमलेल्या अमेरिकी सैनिकांबरोबर हा छंद ब्रिटनमध्ये आणि पुढे युरोपभर गेला. इटलीमध्ये त्याला विशेष मान मिळाला, कारण तेथे मोटारसायकलींची छोटी, चढ्या गतीची इंजिने घडवणारे कुशल कारखाने आधीपासूनच होते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने १९६२ मध्ये कार्टिंगसाठी स्वतंत्र आयोग नेमला, १९६४ मध्ये रोम येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि गीदो साला हा इटालियन चालक तिचा विजेता ठरला. आठ वर्षांत वाहनतळावरची करमणूक जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचली खरी, पण तिच्याबरोबर वर्षागणिक नवे टायर, दर काही तासांनी उघडून दुरुस्त करावे लागणारे इंजिन, कारागीर आणि प्रवास यांचा खर्चही आला. जर्मनीतील कर्पेन येथे, पुढे फॉर्म्युला वन चालक झालेल्या मायकेल शूमाखरचे वडील कार्टिंगच्या मैदानाची देखभाल करत असत आणि मुलगा इतरांनी टाकून दिलेले टायर वापरून सराव करत असे. इंग्लंडमध्ये, पुढे तसाच चालक झालेल्या लुईस हॅमिल्टनच्या वडिलांना मुलाच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी अनेक नोकऱ्या कराव्या लागल्या. या गोष्टी जिद्दीच्या कथा म्हणून सांगितल्या जातात आणि तशा त्या आहेतही. परंतु ज्या वाहनाचा शोधच स्वस्ताईसाठी लागला होता, ते तोवर कष्टकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेले होते, याचाही त्या पुरावा आहेत. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘रोटॅक्स मॅक्स’ हे १२५ सीसीचे इंजिन आणले, तेव्हा त्यावर अधिकृत केंद्राचे सील लावण्याची पद्धत स्वीकारली. इंजिन उघडून त्यात गुप्त सुधारणा करता येऊ नयेत आणि त्यापायी होणारी पैशांची चढाओढ थांबावी, हा त्यामागचा हेतू होता. त्या उपायाने खर्चाला काहीसा आवर बसला, तो संपला नाही.

कार्टची मालकी आणि कार्ट चालवणे या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडणे, हा दुसरा उपाय ठरला. गाडी मैदानाच्या मालकाची, हेल्मेट त्याचे, दुरुस्ती त्याची. येणाऱ्याने केवळ मिनिटांचे किंवा फेऱ्यांचे भाडे द्यावे, अशी ही रीत. उत्तर युरोपात पाऊस आणि हिवाळा यांमुळे उघडी मैदाने वर्षातील बराच काळ ओस पडत, आणि १९८०च्या दशकात जुने उद्योग बंद पडल्याने शहरांच्या कडेची मोठी गोदामे व कारखान्यांच्या शेड रिकाम्या झाल्या होत्या. भाड्याच्या कार्टला छप्पर मिळाले ते या दोन कारणांच्या संगमातून. जुन्या कामगारवस्तीतील ज्या शेडमध्ये एकेकाळी यंत्रे चालत, तिथे टायरांच्या भिंती रचून नागमोडी रस्ते आखले गेले.

छताखाली आल्यावर खेळ बदलला. डांबरी रस्त्यावर टायर जी पकड घेतो, ती गुळगुळीत काँक्रीटवर मिळत नाही. उघड्या मैदानात ब्रेक उशिरा लावून वेगाने वळणात शिरणारा चालक आत त्याच पद्धतीने गेला तर गाडी घसरत जाऊन कडेला आदळते. म्हणून बंदिस्त ट्रॅकवर हळू शिरणे, स्टिअरिंग कमीत कमी फिरवणे आणि बाहेर पडताना लवकर वेग धरणे याला महत्त्व आले. शर्यतीची कार्ट सत्तर-ऐंशी किलोंची असते, तर भाड्याची कार्ट चारही बाजूंच्या बंपरसह दीडशे किलोंच्याही पुढे जाते, कारण तिला रोज अनोळखी हातांचे धक्के सोसायचे असतात. तिच्यात बहुधा होंडाचे जीएक्स मालिकेतील चार-स्ट्रोक इंजिन असते, जे मुळात पाण्याचे पंप आणि जनित्रे चालवण्यासाठी बनवलेले आहे. इंगल्सने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन वापरले होते. भाड्याच्या कार्टने शर्यतीची महाग इंजिने बाजूला सारून पुन्हा कष्टाच्या कामाचे इंजिन पत्करले, हा योगायोग नव्हे. दोन्हीकडे प्रश्न एकच होता, आणि त्याचे उत्तरही एकच निघाले.

बंदिस्त कार्टिंगला प्रतिष्ठा देणारी घटना डिसेंबर १९९३ मध्ये पॅरिसच्या बेर्सी क्रीडागृहात घडली. अपघातामुळे चाकाच्या खुर्चीला खिळलेला माजी फॉर्म्युला वन चालक फिलिप स्ट्रेफ याच्या पुढाकाराने तेथे भरलेल्या कार्ट स्पर्धेत आयर्टन सेना आणि ॲलन प्रॉस्ट हे फॉर्म्युला वनमधील दोघे प्रतिस्पर्धी उतरले. वर्षानुवर्षांच्या कडव्या स्पर्धेनंतर प्रॉस्ट त्याच मोसमाच्या अखेरीस निवृत्त झाला होता, आणि पुढच्या मे महिन्यात सेनाचा इमोला येथे मृत्यू झाला. त्यामुळे या दोघांची एकमेकांविरुद्धची शेवटची शर्यत एका क्रीडागृहाच्या छताखाली, कार्टमध्ये झाली. जगातील सर्वांत महागड्या मोटारी चालवलेल्या माणसांना तिथे जे सुख मिळत होते, ते जातीने तेच होते, जे भाड्याने कार्ट घेणाऱ्याला मिळते. ही गोष्ट या खेळाबद्दल बरेच सांगून जाते.

या छताने एक संकटही आणले. पेट्रोलच्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन आणि विषारी वायू बाहेर पडतो. उघड्यावर तो विरून जातो, परंतु बंद शेडमध्ये साचतो आणि डोकेदुखी, मळमळ यांपासून बेशुद्धीपर्यंत परिणाम घडवतो. कार्ट चालवणारा काही मिनिटांत निघून जातो. झेंडे दाखवणारे मार्शल आणि कारागीर मात्र दिवसभर त्याच हवेत उभे असतात, म्हणून या वायूचा सर्वाधिक भार त्यांच्यावर पडतो. तिकिटाच्या दरात ही किंमत कधीच लिहिलेली नसे. ती टाळायची तर छतावर मोठे पंखे आणि हवा खेचणारी नलिकांची व्यवस्था करावी लागते, थंड प्रदेशात त्या हवेबरोबर तापवलेली ऊबही बाहेर जाते, आणि इमारतीचा खर्च कार्टच्या खर्चाला मागे टाकतो.

विजेवर चालणाऱ्या कार्टचा प्रसार मुख्यतः या कारणाने झाला. पर्यावरणाची जाहिरात नंतर पुढे आली. अमेरिकेत २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे सुरू झालेल्या केवन स्पीड या संस्थेने केवळ विजेच्या कार्टवर आपला व्यवसाय उभारला, आणि बेर्सीच्या त्याच क्रीडागृहात २०११ मध्ये स्पर्धा पुन्हा भरली, तेव्हा ती विजेच्या कार्टवर झाली. विद्युत मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना गाडी झटक्याने पुढे झेपावते. आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि घासणाऱ्या टायरांचा चीत्कार ऐकू येऊ लागतो. खर्चाचे स्वरूप मात्र बदलले. पेट्रोल आणि इंजिनदुरुस्तीच्या जागी बॅटरी, चार्जर आणि दोन सत्रांमधील चार्जिंगचा वेळ आला, आणि गाडी उभी असताना तिकीट विकले जात नसल्याने तोही खर्चच होय.

बंदिस्त कार्टिंगचे तिकीट बहुधा आठ-दहा मिनिटांच्या सत्राचे असते आणि त्यातील अनुभव काटेकोर बांधलेला असतो. सूचना ऐकणे, हेल्मेटचा पट्टा घट्ट करणे, नेमून दिलेल्या क्रमांकाच्या गाडीत बसणे आणि मग हिरवा दिवा. बैठक जमिनीपासून बोटभर उंचीवर असल्यामुळे ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वेग दुपटीने वाटतो. स्टिअरिंगला कोणतेही साहाय्य नसल्याने सत्र संपेपर्यंत दंड भरून येतात, आणि बरगड्यांवर घेतलेला वळणावरचा दाब दुसऱ्या दिवशीही जाणवतो. प्रत्येक गाडीवर ट्रान्सपॉन्डर नावाचे लहान उपकरण असते, जे जमिनीत पुरलेल्या तारेवरून जाताना संकेत पाठवते आणि प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवते. शर्यत संपल्यावर हाती पडणारा तो छापील कागद या व्यवसायाची फार मोठी युक्ती आहे, कारण तो पाहून माणूस पुढच्या सत्राचे तिकीट काढतो. परंतु त्या कागदावर चालकाचे वजन नसते, आणि समान शक्तीच्या कार्टमध्ये वीस किलोंचा फरक काही दशांश सेकंद सहज खातो. एका गाडीचे टायर दुसरीपेक्षा अधिक झिजलेले असतात, हेही त्यावर लिहिलेले नसते. शिवाय नियंत्रण कक्षातील माणूस दूरनियंत्रणाने सगळ्या गाड्यांचा वेग एका क्षणात उतरवू शकतो. गॅरेजमध्ये कार्ट बांधणाऱ्या पिढीला जे स्वातंत्र्य होते, त्याचा मोठा वाटा येथे सुरक्षिततेच्या आणि स्वस्ताईच्या बदल्यात सोडून द्यावा लागतो. हा सौदा न्याय्य आहे, कारण त्याशिवाय हा अनुभव बहुसंख्य लोकांना कधीच मिळाला नसता.

भारतात संघटित कार्टिंगचा पाया प्रामुख्याने चेन्नई परिसरात घातला गेला. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळील मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या, मुंबईत पवईच्या हाकोने या केंद्राने आणि नंतर वडाळ्याच्या ट्रॅकने शहरी तरुणांना काहीशे रुपयांत स्टिअरिंग हाती दिले. मुंबईत जमीन हीच सर्वांत महाग गोष्ट असल्याने येथे तिकिटातील मोठा हिस्सा गाडीच्या नव्हे, तर जागेच्या नावावर पडतो. त्यात कराची भर पडली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा गो-कार्टिंगवर २८ टक्के कर बसला आणि २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के झाला; त्या अधिसूचनेत गो-कार्टिंगचे नाव थीम पार्क, वॉटर पार्क आणि जत्रेतील चक्री पाळण्यांच्या पंक्तीत आहे. करमणूक की क्रीडा, या प्रश्नाचा कर खात्यापुरता निकाल तिथे लागला. मात्र करमणूक मानल्याने जी बेफिकिरी येते, तिची किंमत जिवाने मोजली गेली आहे : मागचा फिरता ॲक्सल उघडा राहिलेल्या गाड्यांत मोकळे केस अडकून या देशात मृत्यू झाले आहेत. ॲक्सलवर झाकण, केस बांधण्याची सक्ती आणि हेल्मेटखालची टोपी यांचा खर्च नगण्य आहे. तो वाचवण्याला कोणतेही समर्थन नाही.

भाड्याच्या सत्रातून खऱ्या शर्यतीकडे जाणारी वाट अरुंदच राहिली. फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने २०११ मध्ये ‘वन फ्रॉम अ बिलियन’ नावाने देशभरातील मुलांच्या कार्टिंग चाचण्या घेतल्या आणि अर्जुन मैनी, तरुण रेड्डी व मुंबईचा जेहान दारुवाला यांची निवड केली. दारुवालाने पुढे युरोपात कार्टिंग करून डिसेंबर २०२० मध्ये बहारीनच्या साखीर ट्रॅकवर फॉर्म्युला टू मालिकेतील आपली पहिली शर्यत जिंकली. निवड होण्यासाठी एक कार्ट आणि काही फेऱ्या पुरल्या होत्या. त्यानंतरच्या नऊ वर्षांत प्रत्येक मोसमासाठी संघ, टायर, इंजिन आणि प्रायोजक पुन्हा नव्याने उभे करावे लागले.