घाईने विकणाऱ्यांच्या बाजारात

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गेरी बॅम्बर्गर नावाचा प्रोग्रॅमर न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन स्टॅनलीच्या कचेरीत घाऊक शेअर-सौद्यांच्या विभागासाठी काम करत होता. एखाद्या मोठ्या गुंतवणूकदाराने एकगठ्ठा शेअर विकायला काढले की त्यांचा भाव दणकन खाली येई. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीचा भाव मात्र जागचा हलत नसे. काही दिवसांत दोन्ही भावांमधली दरी बुजत असे, कारण कंपनीत काही बिघडलेलंच नसायचं. विकणाऱ्याला घाई होती, एवढंच. बॅम्बर्गरने यातून धंदा उभा केला: पडलेला शेअर घ्यायचा, जोडीचा विकायचा आणि दरी बुजली की दोन्ही सौदे कापायचे.

पुढे हे सौदे करणारा मॉर्गन स्टॅनलीतला गट नुन्झिओ टार्टालियाच्या हाती गेला आणि १९८५मध्ये बॅम्बर्गर बाहेर पडला. १९८६मध्ये संगणकशास्त्राचा प्राध्यापक डेव्हिड शॉ मॉर्गन स्टॅनलीत आला, पण १९८८मध्ये त्याने स्वतःची कंपनी थाटली. १९८९मध्ये गट विसर्जित झाला, तरी युक्ती वॉल स्ट्रीटभर पसरली होती.

दरम्यान १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. सगळ्या शेअरांची टोपली एकाच सौद्यात घेता-विकता आली असती, तर विक्रीचा लोंढा काहीसा झेलता आला असता, असा सूर या घसरणीच्या चौकशीत निघाला. अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजमधल्या नेथन मोस्टने तो उचलला. मोस्ट कमोडिटीच्या व्यापारात मुरलेला होता. तिथे माल गोदामातच राहतो आणि फक्त पावती हातोहात फिरते. शेअरांचंही तसंच करायचं त्याने ठरवलं. सहकारी स्टीव्हन ब्लूमबरोबर आखलेल्या या योजनेतून २९ जानेवारी १९९३ रोजी एस अँड पी ५०० निर्देशांकाचा ईटीएफ, म्हणजे पाचशे कंपन्यांच्या शेअरांची एकाच सौद्यात घेता-विकता येणारी टोपली, बाजारात आला. टोरोंटोत असा प्रयोग १९९०मध्येच झाला होता.

बॅम्बर्गरसारखी घसरणीत खरेदी करणाऱ्यांच्या हे पथ्यावर पडलं. एकटा शेअर पडतो तेव्हा कंपनीत खरोखर घोटाळाही असू शकतो, आणि मग भाव परततच नाही. पाचशे कंपन्या एकदम बुडत नाहीत. शिवाय जोडीचा दुसरा शेअर विकत बसण्याची गरज राहिली नाही.

कधी घ्यायचं आणि कधी विकायचं याचे नियमही सुटसुटीत झाले. भाव अलीकडे किती चढला-उतरला हे शून्य ते शंभरात सांगणारं आरएसआय हे मोजमाप वेल्स वाइल्डरने १९७८मध्ये मांडलं, तेव्हा हिशेब १४ दिवसांचा होता. २००८-०९च्या सुमारास लॅरी कॉनर्स आणि सीझर अल्वारेझ यांनी तो दोन दिवसांवर आणला. भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर हवा. दोन दिवसांचा आरएसआय दहाच्या किंवा पाचच्या खाली गेला की खरेदी. भाव पाच दिवसांच्या सरासरीवर आला की विक्री. भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकणाऱ्या स्टॉप लॉसने या पद्धतीचं नुकसानच होतं, असंही कॉनर्सने मांडलं. त्यामुळे ती वापरणाऱ्याला नफा छोटे आणि अनेक मिळतात, पण एखादाच तोटा त्यातले कितीतरी गिळतो.

असा तोटा सगळ्यांना एकदमही होऊ शकतो. ऑगस्ट २००७मध्ये बॅम्बर्गरची युक्ती वापरणारे फंड तीन-चार दिवस एकदमच तोट्यात गेले. सगळ्यांकडे साधारण तेच सौदे होते आणि सगळ्यांनाच बाहेर पडायचं होतं. २४ ऑगस्ट २०१५च्या सकाळी तर टोपलीचा भाव आतल्या मालापासून सुटला. कित्येक ईटीएफ आपल्याच शेअरांच्या किमतीपेक्षा खूप खाली विकले गेले आणि दिवसभरात हजाराहून अधिक वेळा व्यवहार थांबवावे लागले. भाव लवकरच सावरले. स्टॉप लॉस लावून बसलेल्यांचा माल मात्र तळाच्या भावाने गेला होता.

मुंबईत ईटीएफचा प्रकार बेंचमार्क म्युच्युअल फंडाच्या निफ्टी बीजमुळे आला. ८ जानेवारी २००२ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदलेला हा भारतातला पहिला ईटीएफ. आज तो मोबाइलवरून क्षणात घेता येतो आणि दोन दिवसांच्या आरएसआयचा आलेखही फुकट दिसतो. पण शेअरांच्या ईटीएफवर बारा महिन्यांच्या आत मिळालेल्या नफ्याला २३ जुलै २०२४पासून २० टक्के कर आहे. कमी उलाढालीच्या ईटीएफमध्ये खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतरही मोठं असतं. जुन्या आलेखांवर हा नियम तपासणाऱ्या वाचकाने या दोन्ही वजावटी आधी धराव्यात. अमेरिकेतले आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत.