दान आणि डाव

आम्ही इंझोरीच्या बचत गटातल्या बाया बोलत आहोत. पोळा आला की गावोगावी पत्त्यांचे फड बसतात. मग बैठकीत एखादी हप्ता न भरता मान खाली घालून बसते. "घरचे म्हणतात, नशीब फिरलं की सगळं परत येईल." म्हणून आज या खेळांचा थोडा इतिहास सांगतो.

लहानपणी आपण अष्टाचंगा खेळलो. चार फोडलेले चिंचोके टाकायचे. सगळे उताणे पडले की चंगा, सगळे पालथे पडले की अष्टा. दान पडणं नशिबाचं, पण कोणती सोंगटी पुढे न्यायची ही अक्कल आपली. सारीपाटही तसाच. बुद्धिबळात मात्र दानच नाही, सगळा डाव डोक्याचा.

पत्त्यांचा हाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1967 साली न्यायालयाने सांगितलं, की रमीत कोणती पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, कोणतं ठेवायचं नि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं; म्हणून रमी मुख्यतः कौशल्याची. तीन पत्ती निव्वळ नशिबाची. पण रमीतही पैसे लावून जुगार चालला, किंवा खेळवणाऱ्याने त्यातून नफा काढला, तर तो गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे. फडावरचे लोक पहिलं वाक्य सांगतात, दुसरं विसरतात.

पुढे मोबाइल आला आणि फड खिशात गेला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणं बंद.

आता एक जुनी गोष्ट. महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी पूर्वाश्रमी गुजरातचे हरिपाळदेव. लीळाचरित्राच्या परंपरेत सांगतात, की ते जुगारात हरले आणि पत्नी कमळाइसेकडे दागिने मागू लागले. तिने दिले नाहीत. तिथे त्यांचं मन संसारातून उडालं. पुढे ते आपल्या वऱ्हाडात, रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे आले. ही तेराव्या शतकातली गोष्ट. स्वामींची थोरवी सगळे गातात. "नाही" म्हणणारी कमळाइसा मात्र कुणाला आठवत नाही.

आम्हाला ती आठवते, कारण मंगळसूत्र गहाण ठेवायची वेळ आजही येते. समोरचा कितीही हुशार असला तरी रोज कुणीतरी हरतंच, आणि हरलेला पैसा घरच्या किराण्याचा असतो. म्हणून आमच्या गटात कर्जाचं कारण सगळ्यांसमोर विचारतो, वहीत लिहितो. एकटीला "नाही" म्हणणं जड जातं, दहाजणींना सोपं.

खेळ मात्र सोडू नका. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये, 19 व्या वर्षी, जॉर्जियात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. पोळ्याच्या सुटीत लेकीसमोर पट मांडा. पैसे न लावता हरलं तर काही जात नाही, शिकायला मात्र मिळतं.