ठाणे ग्रामीणमधील कोविड-१९ आकडेवारी

ठाणे ग्रामीणमधील कोविड-१९ आकडेवारी म्हणजे ठाणे जिल्ह्यातील महानगरपालिका क्षेत्रांबाहेरील बाधित, बरे झालेल्या व मृत रुग्णांची नोंद होय. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दैनिक अहवालात जिल्ह्यातील प्रत्येक महानगरपालिकेचे आकडे स्वतंत्र दिले जात. उर्वरित भाग मात्र एकत्र दाखवला जाई. त्यामुळे शहापूर तालुक्यातील डोळखांब किंवा मुरबाड तालुक्यातील गावांची स्थिती राज्याच्या अहवालावरून कळत नसे.

निर्बंधांशी संबंध

७ जून २०२१ पासून राज्यातील निर्बंधांचे पाच स्तर साप्ताहिक बाधित दर व व्यापलेल्या ऑक्सिजन खाटांच्या प्रमाणावरून ठरू लागले. पहिल्या स्तरासाठी बाधित दर ५ टक्क्यांहून व व्यापलेल्या खाटा २५ टक्क्यांहून कमी असणे आवश्यक होते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिका स्वतंत्र घटक ठरल्या. परिणामी शहापूर व मुरबाड हे तालुके भिवंडी, उल्हासनगर यांसारख्या शहरांसह एकाच घटकात आले.

अर्थ लावताना

बाधित दर म्हणजे दर शंभर चाचण्यांमागे आढळलेले बाधित. चाचण्या घटल्यास रुग्णसंख्या कमी दिसते, पण संसर्ग घटलेला असतोच असे नाही. लहान गावात २० चाचण्यांत एक बाधित वाढला तरी दर ५ टक्क्यांनी वाढतो. प्रतिजन चाचणीत काही बाधित निसटतात. म्हणून २५ जून २०२१ च्या आदेशानुसार केवळ आरटी-पीसीआर चाचण्यांचा दर ग्राह्य धरण्यात आला. मृत्यूंची नोंदही उशिरा होऊ शकते: १६ जून २०२० रोजी राज्याच्या एकूण आकड्यात पूर्वीचे १,३२८ मृत्यू समाविष्ट झाले.